रात्रभर ओट्यावर राहिलेला पास्ता

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

ताई, नमस्कार. आमच्या घरी पास्ता वरचेवर होतो. मी रात्री मोठं पातेलं भरून करते आणि उरलेला झाकण ठेवून ओट्यावरच राहू देते. सकाळी मुलगा तो गरम करून खातो, कधी डब्यातही नेतो. मागच्या आठवड्यात खाल्ल्यावर तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या, पण संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. सासूबाई म्हणतात, पास्त्याला वास नव्हता, तो चिकटही झाला नव्हता, मग दोष त्याचा कसा? ह्यांचं म्हणणं, चांगला वाफा येईपर्यंत गरम केला होता, त्यात काय जिवंत राहणार? गरम पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं की फ्रिज बिघडतो असं मी ऐकलंय, म्हणून ठेवत नाही. आणखी एक. कोरडा पास्ता एकदम बराच आणून ठेवला होता, त्यातल्या एका बरणीत बारीक तपकिरी किडे निघाले. पाकिटावरची तारीख अजून वर्षभर पुढची आहे. सगळाच टाकून द्यायचा का? दुसऱ्या बरणीतल्या काही तुकड्यांवर पांढरे ठिपके दिसतात, ती बुरशी असेल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुलगा बरा झाला हे वाचून हायसं वाटलं. त्या उलट्या पास्त्यामुळेच झाल्या का, हे नुसत्या पत्रावरून ठरवता येणार नाही. पण रात्रभर बाहेर राहिलेला पिठूळ पदार्थ, खाल्ल्यावर तासाभरात उलट्या आणि दिवस मावळेपर्यंत आराम, ही लक्षणं एका ठरावीक प्रकारच्या अन्नविषबाधेशी फार जुळतात. त्यामुळे तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक कळकळीची विनंती करते. शिजवलेला पास्ता रात्रभर ओट्यावर ठेवणं आजपासून बंद करा. झाकण असलं तरी, हवा गार असली तरी आणि आजवर कोणाला काही झालेलं नसलं तरी.

कोरडा पास्ता बरणीत दोन-दोन वर्षं टिकतो आणि तोच शिजवल्यावर एका रात्रीत धोक्याचा होऊ शकतो. फरक पडतो तो पाण्यामुळे. कारखान्यात पास्ता वाळवताना त्यातला ओलावा साधारण बारा टक्क्यांपर्यंत खाली आणतात. एवढ्या कोरड्या जागी जिवाणू वाढूच शकत नाहीत, बुरशीलाही तिथे थारा मिळत नाही. तो उकळला की भरपूर पाणी पिऊन दुपटीहून जड होतो. आता त्यात पाणी आहे, स्टार्च आहे, थोडी प्रथिनं आहेत आणि वर पातेल्याची ऊब आहे. जिवाणूंना आणखी काही लागत नाही.

‘पण उकळला होता ना, मग जिवाणू आले कुठून?’ हा प्रश्न तुमच्या यजमानांच्या मनात येणारच, आणि तो योग्यही आहे. बॅसिलस सेरियस नावाचा एक जिवाणू मातीत राहतो आणि धान्याबरोबर पिठात, रव्यात येतो. परिस्थिती प्रतिकूल असली की तो स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणूच्या रूपात निपचित पडून राहतो. उकळत्या पाण्यात जिवंत जिवाणू मरतात, पण हे बीजाणू बऱ्याचदा तग धरतात. पास्ता हळूहळू कोमट होऊ लागला की ते जागे होतात. तीस अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान त्यांना फार मानवतं आणि झाकलेलं मोठं पातेलं नेमक्या त्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतं. शिजवलेल्या भाताच्या बाबतीतही हेच घडतं.

इथपर्यंत असतं तर सकाळी पुन्हा गरम करून भागलं असतं. पण या जिवाणूचे काही प्रकार वाढता वाढता अन्नातच सेरियुलाइड नावाचं विष सोडतात, आणि ते उष्णतेला दाद देत नाही. १२१ अंशांवर तासाभराहून अधिक तापवलं तरी ते टिकून राहतं, हे प्रयोगशाळांमध्ये तपासलेलं आहे. घरचं पाणी १०० अंशांना उकळतं. म्हणजे सकाळी पास्ता वाफाळेपर्यंत गरम केला की जिवाणू मरतात, पण रात्रभरात त्यांनी करून ठेवलेलं विष जागच्या जागी राहतं. मायक्रोवेव्ह, गॅस, ओव्हन, कशानेही यात फरक पडत नाही.

सासूबाईंचा मुद्दाही समजून घ्यायला हवा. अन्न नाकाने आणि बोटाने पारखण्याची सवय चांगलीच आहे, आंबलेलं किंवा बुरशी आलेलं अन्न त्यामुळे वेळीच कळतं. पण सेरियुलाइडला वास नाही, चव नाही, रंग नाही. पास्ता दिसायला अगदी ताजा असू शकतो. म्हणून वास खराब आला तर तो जरूर फेका, पण वास चांगला आला एवढ्यावर तो खाण्याजोगा ठरवू नका. तो किती वेळ बाहेर होता, हेच विचारायचं.

हे सगळं तुम्हाला अतिकाळजीचं वाटू नये म्हणून वैद्यकीय नियतकालिकांमध्ये नोंदलेल्या दोन घटना सांगते. २००८ साली बेल्जियममध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने टोमॅटो सॉस घातलेली स्पॅगेटी खाल्ली. ती पाच दिवसांपूर्वी शिजवलेली होती आणि तेवढे दिवस स्वयंपाकघरात बाहेरच राहिली होती. त्याने ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घेतली होती. अर्ध्या तासात त्याला त्रास सुरू झाला आणि त्याच रात्री झोपेत त्याचा मृत्यू झाला. उरलेल्या स्पॅगेटीत बॅसिलस सेरियस मोठ्या प्रमाणात सापडला. दुसरी घटना त्याच देशातली, २००३ सालची. एका कुटुंबातली पाच मुलं पास्ता सॅलड खाऊन आजारी पडली आणि सात वर्षांची मुलगी दगावली. हे सॅलड सहलीला नेऊन आणलेलं होतं आणि उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं. पण त्या फ्रिजचं तापमान मोजलं तेव्हा ते १४ अंश निघालं.

अशा गोष्टी फार क्वचित घडतात. बहुतेक माणसं तुमच्या मुलासारखीच उलट्या होऊन दिवसभरात सावरतात. पण हे विष जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृतावर घाव घालतं आणि मग डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नाही. टाळणं मात्र पूर्ण आपल्या हातात आहे आणि त्याला फार कष्टही पडत नाहीत.

घरापुरता हिशेब सोपा आहे. चाळणीत ओतल्यापासून दोन तासांच्या आत पास्ता फ्रिजमध्ये गेला पाहिजे. खोलीतलं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत. यात जेवणाच्या टेबलावरचा वेळही धरायचा. लोक इथेच चुकतात. तासभर जेवणं, मग गप्पा, मग आवराआवर, आणि सगळं झाल्यावर ‘आता दोन तास मोजू या’ असं होत नाही. त्यापेक्षा वाढण्याआधीच जेवढा उरणार आहे असं वाटतं तेवढा बाजूला काढून गार करायला ठेवा. एकदा हात बसला की याचं ओझं वाटत नाही.

आता गरम पातेल्याबद्दल. तुम्ही जे ऐकलंय त्यात थोडं तथ्य आहे. भरलेलं मोठं गरम पातेलं आत ठेवलं तर फ्रिज लगेच बिघडत नाही, पण आतली हवा तापते, शेजारचं दूध, उरलेले पदार्थ कोमट होतात आणि पातेल्याचा मधला भाग तरी कित्येक तास गरमच राहतो. म्हणून पातेलं आत ठेवू नका हे बरोबर. पण म्हणून ते रात्रभर बाहेर ठेवायचं, हे चूक. ते पसरट भांड्यांत रिकामं करायचं.

नुसता, सॉस न घातलेला पास्ता ठेवायचा असेल तर चाळणीत ओतल्याबरोबर पिण्याच्या गार पाण्याखाली धरा आणि हाताने हलवत राहा. मिनिटभरात तो गार होतो. पाणी पूर्ण निथळू द्या, कारण तळाशी साचलेल्या पाण्यात तो फुगून लिबलिबीत होतो. मग चमचाभर तेल हलक्या हाताने चोळा, म्हणजे गठ्ठा होणार नाही. पास्ता कधी धुवायचा नसतो, असं काही जण ठामपणे सांगतात. गरमागरम सॉसमध्ये घालून लगेच वाढायचा असेल तेव्हा ते खरं आहे, कारण वरच्या स्टार्चमुळेच सॉस धरून राहतो. ठेवणीच्या पास्त्याला मात्र धुणं उपकारकच. (उकळत्या पाण्यात तेल घालण्याने विशेष काही साधत नाही. तेल वर तरंगतं आणि चाळणीतून वाहून जातं. ते नंतरच लावावं.)

सॉस घातलेला पास्ता धुता येणार नाही. तो रुंद ताटात किंवा उथळ डब्यांत काढा आणि थर दोन इंचांपेक्षा जाड होऊ देऊ नका. घाई असेल तर पातेलंच बर्फाच्या पाण्यात बसवून ढवळत राहा. जोराची वाफ गेली, हात लावण्याइतका झाला, की फ्रिजमध्ये ठेवा. अगदी थंडगार होण्याची वाट पाहायची गरज नाही. सुरुवातीला झाकण थोडं तिरकं ठेवा आणि आत गार झाल्यावर घट्ट लावा, म्हणजे आतून पाणी धरणार नाही.

माझं मत विचाराल तर सॉस आणि पास्ता वेगवेगळे ठेवणं सगळ्यात उत्तम. एकत्र ठेवले की पास्ता सॉसमधलं पाणी रात्रभर शोषत राहतो. सकाळी सॉस आटलेला आणि पास्ता मऊ पडलेला, दोन्हींची चव गेलेली. वेगळे ठेवले तर ज्याला जेवढं हवं तेवढं घेता येतं आणि पुन्हा पुन्हा गरम करण्याचा प्रश्नही उरत नाही.

फ्रिजमध्ये किती दिवस? नुसता पास्ता किंवा टोमॅटोच्या सॉसमधला तीन-चार दिवस. क्रीम, मासे, कोळंबी, अंडं असं काही असेल तर मी दोन दिवसांपलीकडे ठेवणार नाही. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कोणी असेल तर त्यांना दुसऱ्या दिवशीच संपवून टाकायला सांगा, तेही व्यवस्थित गरम करून, कारण लिस्टेरियासारखे काही जिवाणू फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढत राहतात. डब्यावर कागदी पट्टी चिकटवून शिजवल्याची तारीख लिहा. ‘परवाचा असेल बहुतेक’ या शब्दांवर कोणाच्या पोटाचा भरवसा ठेवू नये.

हे सगळे दिवस फ्रिज चार अंशांच्या आसपास असेल तरच खरे. १४ अंशांचा फ्रिज हे थंडसं कपाटच असतं. दारावरच्या बटणावरचे एक ते पाच किंवा सात आकडे म्हणजे अंश नव्हेत, ती फक्त थंडी कमी-जास्त करण्याची खूण असते. फ्रिजचा साधा थर्मामीटर आणा, पेलाभर पाण्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. पाचच्या वर दिसलं तर थंडी वाढवा. तरीही उतरत नसेल तर दाराचं रबर सैल झालंय का, फ्रिज ठासून भरल्यामुळे आत हवा खेळत नाहीये का, हे पाहा. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर शिजवलेला पास्ता टाकून द्यावा.

पास्ता सॅलडबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते डब्यात जातं म्हणून सांगते. सॅलड खाऊन कोणाला त्रास झाला की बोट मेयोनीजकडे दाखवलं जातं. बाजारच्या मेयोनीजमध्ये आंबट घटक असतात आणि आंबटपणा जिवाणूंना सोसत नाही. अनेकदा खरा दोष कोमट राहिलेल्या पास्त्याचा, अंड्याचा किंवा मांसाचा असतो. सॅलड कालवण्याआधी पास्ता पूर्ण गार झालेला हवा आणि बाकीचे जिन्नसही फ्रिजमधूनच काढलेले हवेत.

मुलाच्या डब्याचं म्हणाल तर दोनच गोष्टी चालतील. एक तर पास्ता फ्रिजमधून थेट, गारच, बर्फाच्या पिशवीबरोबर द्यायचा. नाही तर कडकडीत गरम करून थर्मासच्या डब्यात. त्या डब्यात आधी उकळतं पाणी ओतून पाचेक मिनिटं ठेवा, मग ते फेकून लगेच पास्ता भरा. खायच्या वेळी तो निदान ६० अंश, म्हणजे तोंड भाजेल असा वाटायला हवा. सकाळी कोमट करून साध्या डब्यात भरलेला पास्ता दुपारपर्यंत दप्तरात ठेवणं, हे रात्री ओट्यावर ठेवण्याइतकंच वाईट.

गरम करताना एकदाच, आणि खायचा तेवढाच. फ्रिजमध्ये पास्ता कडक, कोरडा वाटू लागतो, कारण शिजताना सैल झालेले स्टार्चचे रेणू गार झाल्यावर पुन्हा आवळून बसतात. त्यावर उपाय पाणी आणि उष्णता. नुसता पास्ता उकळत्या पाण्यात अर्धं-एक मिनिट बुडवून काढा, जवळजवळ पहिल्यासारखा होतो. सॉसमधला असेल तर कढईत दोन चमचे पाणी शिंपडून परता. मायक्रोवेव्हमध्ये झाकून ठेवा आणि मध्येच काढून ढवळा, कारण कडेचा भाग तापतो आणि मधला थंड राहतो. मध्यभागी ७४ अंश व्हायला हवेत. थर्मामीटर नसेल तर सगळीकडून, अगदी मधूनही, वाफ निघेपर्यंत.

चार दिवसांत संपणार नसेल तर फ्रीझर आहेच. गोठवायचा पास्ता शिजवताना दोनेक मिनिटं आधीच उतरवा, तेल लावून एकेका जेवणापुरता पिशवीत चपटा भरा, आतली हवा काढा. उणे १८ अंशांवर तो सुरक्षित राहतोच, पण चवीसाठी दोन महिन्यांत संपवलेला बरा. आखूड, जाड आकार चांगले टिकतात, बारीक शेवयांसारख्या लांब प्रकारांचे तुकडे पडतात. बाहेर ठेवून वितळवू नका. गोठलेलाच उकळत्या पाण्यात किंवा उकळत्या सॉसमध्ये टाका.

पुन्हा कधी कोणाला असा त्रास झालाच, तर घोट घोट पाणी आणि ओआरएस द्या. उलट्या थांबतच नसतील, लघवी होत नसेल, माणूस गुंगीत जात असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, रक्त पडत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा आणि काय खाल्लं, ते किती वेळ बाहेर होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लहान मुलाच्या बाबतीत तर यातलं काही दिसायच्याही आधी जा. उरलेलं अन्न टाकू नका. पिशवीत बांधून, ‘खाऊ नये’ असं लिहून फ्रिजमध्ये बाजूला ठेवा, तपासायला उपयोगी पडू शकतं.

आता तुमच्या बरण्यांकडे येऊ. कोरड्या पास्त्याच्या बाबतीत जिवाला घोर लावून घेण्यासारखं काही नाही.

बारीक, चपटे, तपकिरी, चपळ किडे असतील तर ते धान्याच्या फटींत घुसणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी असावेत. ते अखंड, कठीण पास्त्यात शिरू शकत नाहीत, तुटके तुकडे आणि भुगा यांवर जगतात. तोंडाशी सोंड असेल तर ते सोंडे. ते मात्र पास्ता पोखरून आत अंडी घालतात आणि बारीक गोल भोकं दिसतात. जाळी आणि अळ्या दिसल्या तर ते पाखराचं काम. यातल्या कशानेही सहसा आजार पसरत नाही, चुकून पोटात गेले तर घाबरू नका. पण किडे निघालेली बरणी मी निवडून वापरणार नाही. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि विष्ठेचा वास शिजवल्यावर येतोच. ती पिशवीत बांधून घराबाहेर टाका, घरातल्या कचऱ्याच्या डब्यात नको.

बाकीच्या बरण्यांतला पास्ता टाकायचं कारण नाही. ज्यांत काही दिसत नाही तो पास्ता घट्ट पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. उणे १८ अंशांवर किडे, अळ्या, अंडी सगळं मरतं. फ्रीझर तेवढा थंड होत नसेल तर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाही तर हवेतलं बाष्प थंड पास्त्यावर धरेल आणि कोरड्या पास्त्याला तेवढाच ओलावा पुरेसा असतो.

मूळ बरणी पास्त्याचीच होती म्हणून किडे पास्त्यातूनच आले असं समजू नका. त्या कपाटातलं पीठ, रवा, सुका मेवा, पाळीव प्राण्यांचं खाणं, सगळं उघडून पाहा. बहुधा मागे पडलेलं, विसरलेलं एखादं पाकीट सापडेल. फळ्या रिकाम्या करून कोपरे, खिळ्यांची भोकं, फळीची मागची फट व्हॅक्यूमने किंवा ब्रशने साफ करा, पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खाण्याच्या कपाटात कीटकनाशक फवारू नका. बरणीत तमालपत्र टाकलं की किडे येत नाहीत, असं अनेक जण सांगतात. टाकायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून झाकण सैल ठेवू नका.

पाकिटावरच्या तारखेचा आणि किड्यांचा संबंध नाही. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे बंद पाकीट नीट ठेवलं तर तोपर्यंत चव आणि पोत जसा हवा तसा राहील, एवढंच. साध्या, ड्युरम गव्हाच्या रव्याच्या पास्त्याला ही मुदत बहुधा दोनेक वर्षांची असते. ती उलटून काही महिने झाले तरी पास्ता कोरडा, किडेविरहित आणि बिनवासाचा असेल तर खायला हरकत नाही. मात्र सगळा कोरडा पास्ता सारखा नसतो. कोंड्यासकट गव्हाच्या पास्त्यात अंकुराचं तेल असतं, ते हळूहळू खवट होतं, म्हणून तो उघडल्यावर सहा महिन्यांत संपवा. अंड्याचा वाळवलेला पास्ताही तारखेच्या आत वापरावा. ताजा, मऊ पास्ता तर या हिशेबातच धरू नका. घरी केलेला असेल तर फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, नाही तर सरळ फ्रीझर. विकतच्या ताज्या पास्त्यावर ‘यूज बाय’ असेल तर ती तारीख काटेकोरपणे पाळायची.

ठेवायला काचेची, स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची, रबरी कडेच्या झाकणाची बरणी घ्या. कागदी खोकं आणि पातळ पिशवी काही किडे कुरतडून आत शिरतात. काचेची बरणी दिसायला सुंदर, पण ती उघड्या फळीवर उन्हात ठेवू नका. उजेडाने पास्त्याचा पिवळा रंग उडतो आणि त्यातलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्वही कमी होतं. शेगडीच्या वरचं कपाटही नको, तिथे रोज वाफ आणि उष्णता चढते. साबण, अगरबत्ती, उग्र मसाले यांच्या शेजारीही नको, कोरडा पास्ता वास ओढून घेतो. पाकिटावरचा शिजवण्याचा वेळ आणि तारीख एवढा तुकडा कापून बरणीला चिकटवा. आणि एक सवय जरूर सोडा. जुन्यावर नवा ओतू नका. तळाशी वर्षानुवर्षं तोच भुगा राहतो आणि किड्यांचं घर तिथेच होतं. आधीचा संपू द्या, बरणी धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, मग भरा.

राहिले पांढरे ठिपके. एक तुकडा उजेडात धरा आणि नखाने घासून पाहा. ठिपका पृष्ठभागाच्या आत असेल, घासून जात नसेल आणि हाताला गुळगुळीत लागत असेल, तर ती पीठ दाबताना अडकलेली हवा किंवा नीट न भिजलेला रव्याचा कण आहे. खुशाल शिजवा. केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा असतील तर त्या तडा आहेत. हवेतला दमटपणा किंवा तापमान झपाट्याने बदललं की त्या पडतात. असा पास्ता उकळताना तुटतो, पण खायला सुरक्षित असतो. सूप करायला वापरून टाका. बुरशी मात्र वरच्या बाजूला, लोकरीसारखी, करडी किंवा हिरवट असते, बोटाला लागते आणि बरणी उघडताच कुबट वास येतो. तशी दिसली तर तेवढे तुकडे वेचून काढू नका, पूर्ण बरणी रिकामी करा, कारण काही बुरशींची विषंही उकळून जात नाहीत. आणि मग त्या बरणीत ओलावा शिरला कुठून, ते झाकणाचं रबर काढून एकदा पाहा.